सहा, सहा आणि सहा: स्पीडवेचा खरा दादा कोण?

डावीकडे_वळा

२०२५च्या सप्टेंबरात डेन्मार्कात वोयन्सला बार्तोश झ्मार्झलिकने स्पीडवे या मोटरसायकल शर्यतीचं सहावं विश्वविजेतेपद घेतलं. ब्रेडी कर्ट्झ या ऑस्ट्रेलियन गड्याने मोसमाच्या शेवटच्या पाच फेऱ्या लागोपाठ मारल्या, तरी वर्षभराच्या बेरजेत एक गुण कमी पडला. आता सहाच्या बाकावर तिघे बसलेत. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर (१९६८, ६९, ७०, ७२, ७७, ७९), स्वीडनचा टोनी रिकार्डसन (१९९४, ९८, ९९, २००१, ०२, ०५) आणि हा पोलंडचा झ्मार्झलिक (२०१९, २०, २२, २३, २४, २५).

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी: मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, ट्रॅकच्या चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट, झाली एक हीट. गाडी ५०० सीसीची, सिलिंडर एक, गिअर एक, ब्रेक नाही. कायम डावीकडेच वळायचं. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला भोपळा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॉगरची सहा सगळ्यात भारी. त्याच्या काळात वर्षाचा निकाल एका रात्रीत लागायचा. आज ग्रां-प्री मालिकेत वर्षभराचे गुण मोजतात, एक रात्र फसली तरी दोन आठवड्यांनी भरपाई होते. पटत नसेल तर बोला.

तिरकस

ब्रेक नाही, गिअर एक, पुढचं चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. वडापची जीप म्हणा की सरळ.

१७चा_पाना

धागाकर्ते, आधी नाव दुरुस्त करा. स्पेलिंग पाहून सगळे मॉगर म्हणतात, पण उच्चार ‘मेजर’ असा आहे. पोलिश नावाचं तुम्ही मात्र बरोबर लिहिलंय. पोलिशमध्ये आर आणि झेड शेजारी आले की एरवी ‘झ’ होतो, या नावात दोन्ही सुटे उच्चारतात.

आता मुद्दा. एका रात्रीत निकाल म्हणजे जास्त अवघड हे मला मान्य नाही. जास्त बेभरवशाचं म्हणा. १९७३ची फायनल घ्या. पोलंडात होझूफच्या सिलेशियन स्टेडियमवर, लाखाच्या वर प्रेक्षक. मेजर आणि येझी श्चाकेल दोघांचे १३-१३ गुण, म्हणून विजेतेपदासाठी दोघांचीच जादा हीट. मेजर मागून घुसायला गेला, श्चाकेलच्या मागच्या चाकाला लागला आणि पडला. श्चाकेल एकटा आरामात फिरून आला आणि पोलंडचा पहिला विश्वविजेता झाला. दुसरा व्हायला २०१० उजाडलं, तोमाश गोलोब. त्या दिवशी जगातला सगळ्यात चांगला स्वार कोण होता, हे ती फायनल सांगते का?

डावीकडे_वळा

@१७चा_पाना, मेजर तर मेजर. पण पडला तो त्याच्या चुकीने ना? आणि आदल्याच वर्षी वेम्ब्लीत बर्न्ट पर्सनशी बरोबरी झाली तेव्हा हीच जादा हीट त्याने जिंकली होती. नाणं दोन्ही बाजूंनी पडलं.

गोदाकाठ

जुन्या फायनलचं गणित इथे लिहून ठेवते, पुढच्या वादाला उपयोगी पडेल.

१६ स्वार, २० हीट, प्रत्येकाला ५. प्रत्येक हीटमध्ये तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे ५ गुणिले ३ बरोबर १५. तक्ता असा बसवलेला असतो की प्रत्येक जण बाकीच्या पंधरा जणांशी नेमका एकदाच भिडतो. चारही गेट (सुरुवातीच्या रेषेवरच्या चार जागा) प्रत्येकाच्या वाट्याला येतात, एक गेट दोनदा येतं. कमाल गुण १५. मेजरने १९६८ला गोथेनबर्गला आणि १९७०ला व्रोत्सवाफला पैकीच्या पैकी घेतले होते.

यातली खोच अशी: ट्रॅक संपूर्ण रात्र सारखा राहत नाही. पहिल्या चार हीटमध्ये आतलं गेट सोन्याचं असतं, कारण आतली माती अजून जागेवर असते. ती उडून बाहेर गेली की आतला पट्टा घोटून गुळगुळीत होतो आणि तेच गेट गळ्यातलं लोढणं होतं. त्यामुळे कोणतं गेट कितव्या हीटला आलं यात नशीब असतंच. दहा फेऱ्यांच्या मालिकेत हे नशीब बरंचसं वाटलं जातं. म्हणून मी झ्मार्झलिकच्या बाजूने.

आजही पहिल्या २० हीटचा साचा तोच आहे. २०२५पासून एवढंच बदललं की पहिले दोघे थेट फायनलला जातात आणि तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे आठ जण उरलेल्या दोन जागांसाठी लढतात.

निवांत_काका

ब्रेक का नसतो हे कुणी नीट सांगेल का? नातू विचारतो आहे. ‘ते तसंच असतं’ या उत्तराने त्याचं भागत नाही.

१७चा_पाना

काका, नातवाला असं सांगा. चौघं जण हाताच्या अंतरावर, तिरप्या गाड्यांवर, ताशी शंभराच्या पुढे वळणात शिरतात. त्यातल्या एकाने कचकन ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्या अंगावर. कुणालाच ब्रेक नसला की सगळे साधारण एकाच लयीत चालतात.

आणि वेग कमी करायला ब्रेक लागतही नाही. वळणाआधी स्वार डावा पाय टेकवतो, अंग पुढे घेतो, हँडल उजवीकडे मारतो. मागचं चाक सुटतं आणि गाडी आडवी होते. आडवी गाडी मातीत घासत जाते तेव्हा तोच ब्रेक.

नवख्याची हाडं मोडतात ती पुढच्या टप्प्यात. गाडी आडवी घसरत असताना मागचं चाक जमिनीपेक्षा जोरात फिरत असतं आणि घसरण टिकते ती त्या फिरण्यावर. घाबरून थ्रॉटल सोडला की चाकाचा वेग जमिनीशी जुळतो आणि टायर एकदम पकड घेतो. गाडी क्षणात सरळ होते आणि स्वाराला उजवीकडे कुंपणाच्या दिशेने भिरकावते. रस्त्यावरची अक्कल इथे उलटी चालवावी लागते: भीती वाटली तर थ्रॉटल धरून ठेव, जमलं तर थोडा वाढव. शिकाऊ पोराच्या डोक्यात हे बसायला वेळ लागत नाही, मनगटात बसायला लागतो.

मुरलेल्यांनाही चुकवणारी गोष्ट म्हणजे खड्डा किंवा ओलसर ढिगारा. घसरत्या चाकाला मध्येच जास्त पकड मिळाली की पुढचं चाक उचलतं, हँडल हवेत आणि गाडी स्वतःच्या मनाने निघते. लोक म्हणतात ‘गाडीने उचललं’. अशा वेळी थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, चिमूटभर कमी करायचा आणि अंग टाकीवर आणायचं.

निवांत_काका

धन्यवाद. नातू म्हणतो, ‘म्हणजे मौत का कुआँ, पण आडवा.’ मी विषय तिथेच थांबवला.

भटक्या_क्राकोव

धाग्याचा रोख फक्त विश्वविजेतेपदावर आहे. पण आंतरराष्ट्रीय स्वाराची चूल पेटते ती क्लबांच्या लीगवर. ग्रां-प्री वर्षात दहा-अकरा रात्री, लीगच्या मॅच त्याच्या कितीतरी पट.

आठवडा साधारण असा: शुक्रवार आणि रविवार पोलंड, मंगळवार स्वीडन, बुधवार डेन्मार्क, जो इंग्लंडात खेळतो त्याचा सोमवार किंवा गुरुवार तिकडे. शनिवारी ग्रां-प्री. स्वार विमानाने जातो, मेकॅनिक व्हॅन घेऊन. पोलंडातून स्वीडनला जायचं तर श्विनोउइश्चे बंदरातून रात्रीच्या फेरीबोटीत व्हॅन चढवायची आणि सकाळी यस्टाडला उतरायचं. बरेच जण प्रत्येक देशात वेगळी व्हॅन, वेगळ्या गाड्या आणि वेगळा मेकॅनिक ठेवतात.

गंमत बघा. ट्रॅक ३५० मीटरचा धरला तर एक हीट म्हणजे १४०० मीटर. फायनलपर्यंत गेला तरी सात हीट. सगळ्या मिळून दहा किलोमीटरसुद्धा होत नाहीत. त्यासाठी व्हॅन हजार किलोमीटर पळते.

पोलिश लीगची मॅच १५ हीटची. प्रत्येक हीटमध्ये ६ गुण वाटले जातात, एकूण ९०, जिंकायला ४६. पैसे दोन हिश्शांत: मोसमाच्या सुरुवातीला करारासाठी एक रक्कम, आणि मग मिळवलेल्या प्रत्येक गुणाचे. पहिल्या हिश्शातून इंजिनं, व्हॅन, टायर. म्हणजे हिवाळ्यातच खिसा रिकामा होतो आणि उन्हाळाभर गुण गोळा करत फिरायचं. दुखापत झाली की गुण बंद, आणि गुण बंद की आवकही थांबली.

एरंडेल

@भटक्या_क्राकोव, +१. बोनसचं राहिलं. आपल्याच टीमच्या स्वारामागे लागून दुसरा किंवा तिसरा आलात तर बहुतेक करारांत बोनस गुणाचेही पैसे मिळतात. कारण तसं नसतं तर प्रत्येकाने आपल्याच भिडूला मागे टाकायची धडपड केली असती. ब्रिटनमधली सरासरीसुद्धा बोनस धरून काढतात: गुण अधिक बोनस, भागिले हीट, गुणिले ४. कमाल १२. ही सरासरी नुसती शोभेची नाही. सात स्वारांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत बसवावी लागते. त्यामुळे मोसम फार चांगला गेला की क्लबला तुम्ही ‘महाग’ होता आणि पुढच्या वर्षी दुसरं दार ठोठवावं लागतं.

तिरकस

चांगलं काम केलं म्हणून काढून टाकलं. शेवटी सगळीकडे ऑफिसच.

आत्या_वेगात

गाडीच्या इंजिनाबद्दल कुणी लिहा ना. ५०० सीसीतून एवढी ताकद निघते कशी? आणि गिअर एकच तर प्रत्येक ट्रॅकवर तोच चालतो?

१७चा_पाना

आत्या, गिअर एकच असतो, पण तो रोज नवा असतो. सांगतो.

इंजिन: चार स्ट्रोक, चार व्हॉल्व्ह, आडवं झोपवलेलं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सिलिंडर उभा असायचा. आडवा केल्यावर वजन खाली आलं, गाडी सुटताना पुढून कमी उचलू लागली. आज जवळजवळ सगळे इटलीच्या जीएमचं इंजिन वापरतात. ताकद सत्तर-ऐंशी अश्वशक्ती, गाडीचं किमान वजन ७७ किलो. यातच सगळं आलं.

इंधन शुद्ध मिथेनॉल. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला हवेचे १४.७ भाग लागतात, मिथेनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं. त्यामुळे कार्ब्युरेटरमधले जेट (इंधनाची छिद्रं) मोठे, सुई वेगळी, नळ्या जाड. एवढं इंधन वाफ होताना उष्णता शोषतं, म्हणून आत येणारी हवा थंड आणि दाट राहते आणि कॉम्प्रेशन १४-१५पर्यंत नेलं तरी इंजिन ठोकत नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही, तरी चालतं ते यामुळेच.

गिअरिंग: मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) पन्नास-साठ दातांच्या घरातलं. मेकॅनिकच्या पेटीत एकेका दाताच्या फरकाने सगळी रांग लावलेली असते. ट्रॅक लहान आणि माती जड असेल तर मागे दात वाढवायचे, सुटताना जोर मिळतो. ट्रॅक लांब किंवा घोटलेला असेल तर कमी करायचे. नेहमीची चूक अशी: स्वार सुरुवातीला मागे पडला की ‘जोर कमी पडला’ म्हणून दात वाढवतो. ट्रॅक निसरडा असेल तर जोर आधीच जास्त झालेला असतो, चाक जागेवर फिरत असतं. दात वाढवून ते आणखी फिरतं. अशा वेळी उलट दात कमी करायचे किंवा इग्निशन थोडं मागे घ्यायचं, म्हणजे इंजिन मऊ होतं. टीव्हीवर दिसतं ना, हीट संपली की स्वार हेल्मेट काढायच्या आधी मेकॅनिकला दोन बोटं दाखवतो? तो याच गोष्टी सांगत असतो.

टायर: पुढे २३ इंची, मागे १९ इंची. मागच्या टायरची धार गेली की तो रिमवर उलटा बसवून दुसरी धार वापरतात. पंधरा मिनिटांत मागचं चाक काढा, टायर फिरवा, चेन ताणा, स्प्रॉकेट बदला. चेन कडक ताणली तर तुटते, सैल राहिली तर उतरते. बोटाने वरखाली करून दीड-दोन सेंटिमीटर खेळ ठेवायचा.

आणि इंजिनाचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, हीटवर मोजतात. ठरलेल्या हीट भरल्या की इंजिन ट्यूनरकडे, म्हणजे ते उघडून जुळवणाऱ्या कारागिराकडे. पोलंडात तोरुन्यचा रिशार्ड कोवाल्स्की हे त्यातलं मोठं नाव. ट्यूनरच्या बाकावर कुणाचं इंजिन आधी चढतं यावरून अर्धा मोसम ठरतो असं म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

गोदाकाठ

मिथेनॉलबद्दल सावधगिरीचे दोन शब्द, कारण कुणी ‘घरी करून बघू’ म्हणेल. २०१५ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ते हेच. पोटात थोडं गेलं तरी डोळे जातात, कातडीतूनही शिरतं. पेटलं तर उन्हात ज्वाळा दिसत नाही, माणूस जळतोय हे शेजारच्याला कळत नाही. हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही. रात्र संपली की कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून पेट्रोलने धुवायची. तसंच राहिलं तर आठवडाभरात आत पांढरा चिकट थर बसतो, जेट बुजतो, आणि पुढच्या वेळी इंजिन तापून पिस्टन जातो.

एरंडेल

माझ्या आयडीचं रहस्य कुणीच विचारत नाही, तर मीच सांगतो. मिथेनॉलमध्ये खनिज तेल विरघळत नाही, एरंडेल विरघळतं आणि तापलं तरी थर सोडत नाही. म्हणून जुन्या स्पीडवे गाड्यांत एरंडेलाचंच ऑइल असायचं. जुन्या स्टेडियमच्या त्या प्रसिद्ध वासाचे लोक आजही गोडवे गातात, तो जळक्या एरंडेलाचा. ऑइल फिरून टाकीत परत येत नाही, एकदा वापरून बाहेर. आता बहुतेक जण सिंथेटिक वापरतात. जगातलं बहुतेक एरंडेल गुजरातेतून जातं, तेव्हा या खेळात आपला वाटा आहेच.

तिरकस

लहानपणी आपल्याला पाजायचे ते ऑइल चेंज होतं तर.

निवांत_काका

मेजरकडे जावा होती असं वाचलं. ती आपली म्हैसूरची जावा का?

१७चा_पाना

नाव तेच, गाडी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावाची गाडी २५० सीसीची, दोन स्ट्रोकची. स्पीडवेची जावा चेकोस्लोव्हाकियात दिविशोवला बनायची. तिथे यारोस्लाव सिमांडलचा ‘एसो’ नावाचा कारखाना होता, १९६४ला तो जावात गेला. ५०० सीसी, चार स्ट्रोक, दोन व्हॉल्व्ह. त्याआधी जपचं राज्य होतं (हा जपान नव्हे, इंग्लंडचा जे. ए. प्रेस्टविच). मग १९७६ला पीटर कॉलिन्सने चार व्हॉल्व्हच्या वेस्लेकवर फायनल जिंकली. १९८३ला एगॉन म्युलरने जीएमवर जिंकली आणि तिथून पुढे जीएमचा जमाना.

मेजरची सोन्याची गाडी हीच जावा. दोघा अमेरिकन चाहत्यांनी शब्द दिला होता, १९७०ला सलग तिसरं जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवू. तो जिंकला, त्यांनी मढवली. आता ती त्याच्या गावी, क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये आहे.

आत्या_वेगात

सगळ्यांनी वळणावर लिहिलं, सुरुवातीवर कुणीच नाही. मी जेवढं पाहिलंय त्यावरून हीट पहिल्या वळणाआधीच संपलेली असते.

एरंडेल

आत्या, मुद्द्याला हात घातलात. चार फेऱ्यांत ओव्हरटेक करायला पाठीमागच्याला मातीचे फवारे झेलत जावं लागतं. गॉगलवर पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, एकेक ओढून टाकायची. त्या संपल्या की आंधळी कोशिंबीर. म्हणून टेप (सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली पट्टी) उडाल्यानंतरचे पहिले तीन सेकंद म्हणजे निम्मी कमाई.

क्रम असा. दोन मिनिटांचा इशारा होतो, तेवढ्यात टेपपाशी पोचलात नाही तर हीटमधून बाद. गेटवर आल्यावर स्वार बुटाने माती उकरतो आणि दाबतो. ही नाटकं नव्हेत. मागच्या चाकाखाली कोरडी भुसभुशीत माती असेल तर चाक फिरतं, खालचा ओलसर थर लागला तर पकडतं. मग अंग हँडलच्या पुढे, क्लच दोन बोटांत, इंजिन चढवून ठेवायचं आणि टेपच्या खांबाकडे नजर. टेप हलला की क्लच सोडायचा, पण धाडकन नाही. धाडकन सोडला तर पुढचं चाक आभाळात, ते खाली आणायला थ्रॉटल कमी करावा लागतो आणि तेवढ्यात तिघे गेले. हळू सोडला तर प्लेटा घसरतात, तापतात, आणि पुढच्या हीटला क्लच कुठे पकडेल याचा नेम राहत नाही. म्हणून मेकॅनिक दोन हीटच्या मध्ये क्लच उघडून प्लेटा बघतो, स्प्रिंगचा ताण सारखा करतो.

टेपला लागलात तर बाद, वैयक्तिक स्पर्धेत परत संधी नाही. आधीच हललात तर इशारा, दुसऱ्यांदा हललात तर बाहेर. झ्मार्झलिक वेगळा ठरतो तो इथे. त्याची सुरुवात फसली तरी तो बाहेरच्या मातीतून येऊन दोघांना गिळतो. बाकी चॅम्पियन गेटवर जिंकले, हा गडी कुंपणालगतही जिंकतो.

भटक्या_क्राकोव

आणि मातीइतकाच नियमांचाही चटका त्याने खाल्लाय. २०२३ला वोयन्सला तो आघाडीवर असताना पात्रता फेरीत नेमून दिलेला सूट न घालता उतरला. संपूर्ण फेरीतून बाद, शून्य गुण. शेवटच्या फेरीला तोरुन्यला फ्रेड्रिक लिंडग्रेनला रोखून त्याने ते वर्ष वाचवलं. धागाकर्ते म्हणतात तशी ‘दोन आठवड्यांनी भरपाई’ तिथे नव्हती, एकच रात्र उरली होती.

गोदाकाठ

ट्रॅकचंही ऐका. वॉर्सा, २०१५. राष्ट्रीय स्टेडियमवर तात्पुरता ट्रॅक टाकला, गोलोबच्या निरोपाची रात्र, स्टेडियम भरलेलं. सुरुवातीचं गेटच चालेना, टेप वर जाईना, दिव्याच्या इशाऱ्यावर हीट सोडायची वेळ आली. त्यात ट्रॅक फुटला. बारा हीटनंतर बंद, मातेय झागर विजेता जाहीर. कायमच्या ट्रॅकखाली वर्षानुवर्षं दबलेला थर असतो, वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळी माती. तात्पुरत्या ट्रॅकला काही दिवसांत तो थर बनवायचा असतो. पाणी कमी पडलं तर वरचं उडून जातं आणि खालचं फुटतं, जास्त झालं तर चाकं खोल चऱ्या पाडतात. चऱ्या पडल्या की @१७चा_पाना म्हणतात तसं ‘गाडीने उचललं’.

निवांत_काका

दुखापतींचं सांगा. नातवाने विचारलेलं नाही, त्याची आई विचारते आहे.

१७चा_पाना

ताईंना खरं तेच सांगतो. गळपट्टीचं हाड मोडणं म्हणजे यांच्यात सर्दी. पट्टी-स्क्रू घालून दोन-तीन आठवड्यांत परत. पण त्यापलीकडचं वाईट आहे. तीन वेळचा विजेता एरिक गुंडरसन १९८९ला ब्रॅडफर्डला पडला, जीव वाचला, करिअर संपलं. डार्सी वॉर्ड २०१५ला झेलोना गुरात पडला, कमरेखाली हालचाल गेली. १९७२च्या त्याच वेम्ब्ली फायनलमध्ये बॅरी ब्रिग्जचं बोट गेलं.

संरक्षणाच्या बाजूला: उजव्या मनगटाला बांधलेली दोरी, स्वार पडला की इग्निशन बंद. वळणांवर हवेचं कुंपण. मागच्या चाकामागे माती अडवणारी पट्टी. डाव्या बुटाखाली पोलादी तळ, तो मात्र संरक्षणापेक्षा घसरायला. हा तळ सैल बसला तर पाय अडकून गुडघा पिरगळतो, म्हणून पट्टा दर हीटला ओढून बघतात.

डावीकडे_वळा

परत मूळ प्रश्नावर येतो. तुमचं सगळं वाचून माझं मत हललंय, पण तुम्हाला हवं त्या दिशेने नाही.

मेजरच्या बाजूने एक मुद्दा कुणी मांडलाच नाही. फायनल एका रात्रीची होती, पण तिथे पोचायला आधी पात्रतेच्या रात्री पार कराव्या लागायच्या आणि त्यातली प्रत्येक बाद फेरीच. आणि हा मुलगा १९५७ला विम्बल्डनच्या स्पीडवे क्लबात आला होता, जमलं नाही, परत गेला. १९६३ला न्यूकॅसलला पुन्हा आला तेव्हा शून्यातून सुरुवात. पहिलं विजेतेपद अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, शेवटचं चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याच होझूफला जिथे तो १९७३ला पडला होता.

गोदाकाठ

याला दुसरी बाजूही आहे. पात्रतेच्या जागा प्रदेशावर वाटलेल्या असायच्या. त्यामुळे ब्रिटनमधल्या लीगमधले तगडे स्वार आपापसांत लढून गळायचे आणि फायनलला सोपे प्रतिस्पर्धीही असायचे. मेजरचा कस बाकीच्या पंधराही जणांसमोर लागायचा असं नाही.

१७चा_पाना

मग रिकार्डसनला कुणी वालीच नाही का? १९९४ची वोयन्सची फायनल ही एका रात्रीची शेवटची. रिकार्डसन, हान्स निल्सन आणि क्रेग बॉइस तिघांचे १२-१२ गुण, तिघांची जादा हीट, ती त्याने मारली. १९९५पासून ग्रां-प्री आली आणि तिच्यात त्याने आणखी पाच घेतली. दोन्ही परीक्षा पास झालेला त्या तिघांत तो एकटाच. शिवाय उभं इंजिन आणि आडवं इंजिन, दोन्हींवर.

डावीकडे_वळा

@१७चा_पाना, हे मनाला लागलं. शीर्षकाखाली ‘मॉगर’चा ‘मेजर’ करणार होतो. पण मजकूर तसाच ठेवतो, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांचा अर्थच लागणार नाही.

एरंडेल

रिकार्डसनच्या नावावर मीही. पण झ्मार्झलिक १९९५चा आहे, लक्षात ठेवा. मेजरच्या शेवटच्या विजेतेपदाच्या वयाला पोचायला त्याच्याकडे अजून बरीच वर्षं आहेत.

निवांत_काका

नातवाचा प्रश्न: उजवीकडे वळणारी शर्यत का नसते? त्याला सांगितलं की पोलादी बूट डाव्या पायात आहे. तो म्हणतो, ‘मग उजव्यात घाला.’

तिरकस

काका, त्याला थेट आंतरराष्ट्रीय महासंघाकडे पाठवा.